सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी : चरित्र आणि परंपरा

॥ श्रीदत्तात्रेय प्रभू प्रसन्न ॥

नंदुरबार जिल्ह्यातील शहादे तालुक्यात, सूर्यकन्या तापीच्या तीरावर वसलेले श्रीक्षेत्र सारंगखेडा हे एकमुखी श्रीदत्तप्रभूंचे स्थान म्हणून सर्वदूर प्रसिद्ध आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेस, म्हणजे श्रीदत्तजयंतीस, येथे भरणाऱ्या यात्रेस खानदेशाबरोबरच गुजरात व मध्य प्रदेशातूनही भाविक येतात. यात्रेतील घोड्यांचा बाजार तर संपूर्ण देशात नावाजलेला आहे. प्रथमच दर्शनास येणाऱ्या अनेक भाविकांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. इतरत्र श्रीदत्तात्रेयांची मूर्ती तीन मुखांची व सहा हातांची दिसते. मग येथे एकच मुख कसे? या प्रश्नाचे उत्तर महानुभाव पंथाच्या परंपरेत आहे आणि त्या परंपरेची ओळख पंथप्रवर्तक सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या चरित्रावाचून पूर्ण होत नाही. म्हणून भाविकांच्या माहितीसाठी स्वामींचे चरित्र व त्यांच्या पश्चात पंथाने केलेली वाटचाल येथे संक्षेपाने दिली आहे.

पंचकृष्ण आणि श्रीदत्तात्रेय प्रभू

महानुभाव पंथ हा एकेश्वरी, श्रीकृष्णभक्तीचा पंथ आहे. एकाच परमेश्वराने जीवांच्या उद्धारासाठी वेळोवेळी अवतार धारण केले, अशी पंथाची श्रद्धा आहे. त्यांपैकी पाच अवतारांना पंचकृष्ण म्हणतात. द्वारकेचे भगवान श्रीकृष्ण, सह्याद्रीवरील माहूर क्षेत्राचे श्रीदत्तात्रेय प्रभू, फलटण येथे जन्म घेऊन द्वारकेस वास करणारे श्रीचक्रपाणी प्रभू, विदर्भातील ऋद्धिपूरचे श्रीगोविंदप्रभू आणि प्रतिष्ठान म्हणजे पैठण येथून धर्मप्रवर्तन करणारे श्रीचक्रधर स्वामी हे ते पाच अवतार होत. पंथाच्या दृष्टीने श्रीदत्तात्रेय हे ब्रह्मा, विष्णू व महेश या तीन देवतांचे एकत्र रूप नसून परमेश्वराचा चारही युगांतील अवतार आहेत. यामुळे त्यांची उपासना एकमुखी रूपात केली जाते.

या पाच अवतारांमध्ये ज्ञानपरंपरेचा धागा आहे. माहूर येथे यात्रेस गेलेल्या श्रीचक्रपाणींना श्रीदत्तात्रेय प्रभूंनी वाघाच्या रूपात दर्शन दिले व मस्तकी पंजा ठेवून शक्ती प्रदान केली, अशी कथा आहे. पुढे श्रीचक्रपाणींनी द्वारकेत श्रीगोविंदप्रभूंवर अनुग्रह केला आणि श्रीगोविंदप्रभूंकडून ती शक्ती श्रीचक्रधर स्वामींकडे आली. अशा रीतीने सारंगखेड्यास ज्या प्रभूंचे दर्शन घडते त्यांच्यापासून निघालेली परंपरा स्वामींपर्यंत पोहोचते.

भडोचचा राजपुत्र

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा पुढे गुजरातेत भडोच येथे समुद्रास मिळते. याच भडोच नगरीत तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात विशाळदेव नावाचे प्रधान राहत होते. त्यांच्या पत्नीचे नाव माल्हणदेवी व पुत्राचे नाव हरिपाळदेव. तरुण वयातच हरिपाळदेवांचे निधन झाले आणि स्मशानात नेलेल्या त्यांच्या देहात द्वारकेस देह ठेवणाऱ्या श्रीचक्रपाणींनी प्रवेश केला, असे पंथीय परंपरा सांगते. चितेवरून उठून परत आलेल्या पुत्राला पाहून माता-पित्यांना व नगरवासीयांना अपार आनंद झाला. स्वामींचा अवतारदिन भाद्रपद शुद्ध द्वितीयेस साजरा केला जातो.

हरिपाळदेवांचा संसार ऐश्वर्यात चालला होता. कमळाइसा या त्यांच्या पत्नी. त्यांना पुत्रही झाला होता. परंतु या काळातील एका प्रसंगाने त्यांचे जीवन पालटले. हरिपाळदेव द्यूत खेळत असत. एकदा ते फार मोठी रक्कम हरले. ती फेडल्याशिवाय अन्न घ्यावयाचे नाही असे त्यांनी ठरविले आणि पत्नीकडे तिचे अलंकार मागितले. पत्नीने ते देण्यास नकार दिला. शेवटी पित्याने देणे भागविले. परंतु आपले म्हणून मानलेले नातेसुद्धा द्रव्यापाशी येऊन थांबते, ही जाणीव हरिपाळदेवांच्या मनात खोल रुतली. संसाराविषयी त्यांना विरक्ती आली. श्रीरामाच्या दर्शनासाठी रामटेकला जाण्याचे निमित्त करून त्यांनी घर सोडले. वाटेत बरोबरच्या सेवकांना टप्प्याटप्प्याने परत पाठवीत ते अखेर एकटेच पुढे निघाले. राजवैभवात वाढलेला हा पुरुष पुन्हा भडोचला परतला नाही.

ऋद्धिपूर आणि सालबर्डी

हरिपाळदेव चालत चालत ऋद्धिपुरास आले. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील हे गाव पंथीयांची काशी समजले जाते. तेथे श्रीगोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ यांचे वास्तव्य होते. श्रीप्रभूंचे वर्तन वरकरणी बालकासारखे, कधी वेड्यासारखे भासे. ते कोणाच्याही घरी जात, कोणाच्याही हातचे अन्न घेत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतही सहज वावरत. गावच्या गोरगरिबांना मात्र ते आईच्या व बापाच्या ठिकाणी होते. बाजारपेठेतून खात खात येणाऱ्या श्रीप्रभूंनी आपल्या हातातील खाद्य हरिपाळदेवांना प्रसाद म्हणून दिले. त्या प्रसादासरशी हरिपाळदेवांच्या ठायी ज्ञानशक्ती प्रकट झाली. चक्रधर हे नावही श्रीप्रभूंनीच दिले, असे मानले जाते.

त्यानंतर स्वामींनी सातपुड्याचा आश्रय घेतला. ज्या सातपुड्याच्या रांगा धडगाव व अक्कलकुवा भागात आपल्या जिल्ह्यात दिसतात, त्याच पर्वताच्या पूर्वेकडील भागात सालबर्डी हे स्थान आहे. तेथे स्वामींनी बारा वर्षे एकांतात काढली. अंगावरील वस्त्राचे, अन्नपाण्याचे वा शरीराचे कोणतेही भान त्यांनी ठेवले नाही. पुढेही दीर्घकाळ त्यांनी एकाकी भ्रमण केले. लीळाचरित्राच्या एकांक या भागात याच काळातील लीळा आल्या आहेत.

या काळातील सशाच्या रक्षणाची लीळा भाविकांच्या विशेष आवडीची आहे. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला एक ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली दडला. मागोमाग शिकारी व त्यांचे कुत्रे आले. शिकाऱ्यांनी आपली शिकार परत मागितली. शरण आलेल्या जीवाला परत देता येत नाही, असे स्वामींनी त्यांना समजावले. वनात राहून गवत खाणाऱ्या, कोणाचेही वाईट न करणाऱ्या प्राण्याला मारणे कसे अनुचित आहे हे त्यांनी शांतपणे सांगितले. त्या शिकाऱ्यांचे मन पालटले आणि त्यांनी शिकार सोडून दिली. पुढे पंथात अहिंसेला जे सर्वोच्च स्थान मिळाले, त्याचे बीज या प्रसंगात दिसते.

प्रतिष्ठान येथे धर्मप्रवर्तन

शके ११८९, म्हणजे इ.स. १२६७ मध्ये स्वामींनी पैठण येथे संन्यास घेतला व धर्मनिरूपणास प्रारंभ केला. त्या वेळी महाराष्ट्रावर देवगिरीच्या यादवांचे राज्य होते. राज्य संपन्न होते. मात्र धर्माचे ज्ञान संस्कृत ग्रंथांत बंदिस्त होते आणि त्या ग्रंथांचा अधिकार थोड्यांनाच होता. बहुसंख्य समाज व्रते, उद्यापने, देवतांची भीती व कर्मकांड यांतच गुंतलेला होता. स्त्रिया व शूद्र यांना मोक्षाचा मार्ग जवळजवळ बंदच होता.

अशा काळात स्वामी लोकांशी लोकांच्याच मराठी भाषेत बोलू लागले. त्यांचे तत्त्वज्ञान थोडक्यात असे होते. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ अनादी व परस्परांपासून वेगळे आहेत. देवतांची उपासना केल्याने मर्यादित फळ मिळते. मोक्ष मात्र केवळ परमेश्वराच्या कृपेने मिळतो. त्यासाठी त्याच्या अवतारांचे अनन्यभावाने स्मरण करावे. गहन विषय समजावताना स्वामी रोजच्या जगण्यातील दृष्टांत देत. जन्मांध माणसांनी हत्तीचा एकेक अवयव चाचपून हत्ती कसा आहे याविषयी भांडावे, तसे अपुऱ्या ज्ञानावर बोलणाऱ्यांचे होते, हा त्यांचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. स्वामींचे हे दृष्टांत पुढे केसोबासांनी दृष्टांतपाठात संकलित केले.

स्वामींच्या भोवती जमलेला परिवार पाहिला म्हणजे या धर्माचे वेगळेपण ध्यानी येते. वृद्ध बाइसा त्यांची सेवा आईच्या मायेने करीत. शास्त्रांविषयी खोलवर प्रश्न विचारणाऱ्या महदाइसा होत्या. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून त्यांचा गौरव होतो तो त्यांच्या धवळ्यांमुळे. नागदेव, ज्यांना भटोबास म्हणतात, ते पुढे पंथाचे पहिले आचार्य झाले. सराळे गावचे म्हाइंभट हे विद्वान व श्रीमंत गृहस्थ. आपल्या विद्येचा त्यांना अभिमान होता. स्वामींशी वाद करावा या हेतूने ते डोमेग्रामास आले आणि तेथील भेटीत त्यांचा अभिमान गळून पडला. पंडित आणि निरक्षर, स्त्री आणि पुरुष, उच्च मानलेले आणि नीच मानलेले हे सर्व स्वामींसमोर एकाच पंक्तीत बसत.

स्त्रियांना स्वामींनी संन्यासाचा अधिकार दिला. स्त्रीच्या मासिक धर्माचा विटाळ मानू नये, देहाच्या इतर धर्मांसारखाच तो एक धर्म आहे, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. साडेसातशे वर्षांपूर्वी उच्चारलेला हा विचार आजही अंतर्मुख करणारा आहे. भिक्षाही चारही वर्णांच्या घरून मागावी, असा त्यांचा नियम होता. ज्याच्या दारात भिक्षेसाठी हात पुढे करावयाचा त्याला हीन मानता येत नाही, हा त्यामागील मर्म होय.

स्वामींचा संन्यासी : चालता मठ

याच सुमारास भारतात वैष्णव भक्तीच्या अनेक धारा दृढ होत होत्या. दक्षिणेत श्रीरामानुजाचार्यांनी श्रीरंगम येथे भक्तीची व मठाची व्यवस्था घालून दिली होती. कर्नाटकात श्रीमध्वाचार्य उडुपीस श्रीकृष्णाची स्थापना करून आठ मठांची परंपरा निर्माण करीत होते. महाराष्ट्रात पुढे इ.स. १२९० मध्ये श्रीज्ञानेश्वरी पूर्ण झाली व वारकरी संप्रदायाचा विस्तार झाला. या सर्व धारांत श्रीचक्रधर स्वामींचा मार्ग एका बाबतीत निराळा होता. स्वामींनी मंदिर उभारले नाही, मठ बांधला नाही, जमीन वा वतन स्वीकारले नाही. यादव राजा कान्हरदेव लोणार येथे त्यांच्या भेटीस आला व त्याने द्रव्य अर्पण केले; ते स्वामींनी घेतले नाही, असे लीळाचरित्र सांगते.

शिष्यांसाठी त्यांनी घालून दिलेला आचार अत्यंत कठोर होता. संन्याशाने आपला देश, आपले गाव व आपले नातेसंबंध सोडावेत. एका ठिकाणी रमू नये. अनोळखी प्रदेशात फिरावे, झाडाखाली निजावे, जे मिळेल ते भिक्षान्न घ्यावे, निर्जन स्थळी बसून परमेश्वराचे स्मरण करावे आणि कोणत्याही जीवाला पीडा देऊ नये. शिष्यांनी महाराष्ट्रातच राहावे, अशीही त्यांची आज्ञा होती. स्वामी स्वतः याच रीतीने गोदावरीकाठ, मराठवाडा, वऱ्हाड व खानदेश या भागांत फिरले. आपल्या खानदेशातील कनाशी, ता. भडगाव, जि. जळगाव, हे क्षेत्र त्यांच्या वास्तव्याने पावन झालेले असून पंथीयांचे मोठे तीर्थ आहे.

उत्तरापंथे गमन

स्वामींच्या शिकवणुकीमुळे रूढ धर्मसत्तेला धक्का बसणे अटळ होते. स्त्रियांना संन्यास, सर्वांच्या घरची भिक्षा, मराठीतून ब्रह्मविद्या, व्रतवैकल्यांना गौणत्व या गोष्टी अनेकांना सहन झाल्या नाहीत. चतुर्वर्गचिंतामणी हा व्रतांचा व दानांचा विशाल ग्रंथ रचणारे हेमाद्री पंडित त्या काळी यादवांच्या दरबारात प्रभावी होते. दरबारातून व धर्माधिकाऱ्यांकडून स्वामींना विरोध झाला व छळही सोसावा लागला. त्याचा प्रतिकार त्यांनी केला नाही.

इ.स. १२७४ च्या सुमारास स्वामी बेलापूर येथून उत्तरापंथे निघून गेले. प्रभू आजही उत्तरेत विद्यमान आहेत, अशी पंथीयांची श्रद्धा आहे. धर्मप्रवर्तनाचा त्यांचा काळ अवघा सात-आठ वर्षांचा ठरला.

मागे राहिलेल्या शिष्यांची अवस्था शब्दांपलीकडची होती. त्यांच्याकडे ग्रंथ नव्हता, मठ नव्हता, मूर्ती नव्हती, राजाश्रय नव्हता. होते ते केवळ स्वामींचे शब्द, त्यांच्या चरणांनी स्पर्शिलेली स्थळे आणि त्यांनी वापरलेल्या काही वस्तू. अशा वेळी एखादा समुदाय सहज विखुरला असता. तो विखुरला नाही, याचे श्रेय श्रीनागदेवाचार्यांकडे व स्मरणाला धर्म मानणाऱ्या त्यांच्या सहकाऱ्यांकडे जाते.

स्मरणातून ग्रंथ

स्वामींच्या आज्ञेप्रमाणे नागदेवाचार्य परिवारासह ऋद्धिपुरास जाऊन श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. येथेच म्हाइंभटांनी एक असामान्य कार्य हाती घेतले. स्वामींचे सान्निध्य लाभलेल्या माणसांचा शोध घेऊन, ज्याने जी लीळा पाहिली वा ऐकली त्याच्याकडूनच ती मिळवावी, नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यावी आणि मग लिहावी, असा त्यांचा क्रम होता. त्यासाठी हा विद्वान गृहस्थ गावोगाव पायी हिंडला. यातून शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इ.स. १२७८ च्या आसपास लीळाचरित्र हा ग्रंथ सिद्ध झाला. मराठीतील पहिला गद्य चरित्रग्रंथ म्हणून त्याची ख्याती आहे. स्वामी कोठे बसले, काय जेवले, कोणाशी कसे बोलले, इतका बारीक तपशील त्यात असल्याने त्या काळच्या महाराष्ट्राचे संपूर्ण लोकजीवन त्यातून प्रकटते. श्रीगोविंदप्रभूंचे चरित्रही म्हाइंभटांनीच लिहिले. केसोबासांनी स्वामींची वचने सूत्रपाठात गुंफली.

केसोबास हे संस्कृतचे मोठे पंडित होते. शास्त्ररचना संस्कृतात करण्याकडे पंडितांचा ओढा स्वाभाविक होता. नागदेवाचार्यांनी मात्र त्यास संमती दिली नाही. तसे झाले तर पंथातील साध्याभोळ्या, वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता होती. आचार्यांच्या या एका निर्णयाने पंथाची धर्मभाषा कायमची मराठी झाली.

श्रीगोविंदप्रभूंच्या निर्वाणानंतर नागदेवाचार्य गोदावरीच्या परिसरात आले व इ.स. १३०२ मध्ये त्यांनी देह ठेवला. पाठोपाठ दिल्लीच्या फौजांच्या स्वाऱ्यांनी यादवांचे राज्य कोसळले. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली. म्हाइंभटांचे सर्व परिश्रम वाया जाण्याची वेळ आली होती. परंतु हिराइसा या साध्वीला तो ग्रंथ मुखोद्गत होता. त्यांच्या व इतर महंतांच्या स्मरणातून लीळाचरित्र पुन्हा लिहिले गेले. ज्या स्त्रियांसाठी नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला, त्यांच्यापैकीच एकीने तो ग्रंथ वाचविला, हे भाविकांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

आम्नाय, मठ आणि सकळ लिपी

चौदाव्या शतकात पंथाचा विस्तार झाला. निरनिराळ्या आचार्यांच्या शिष्यपरंपरांतून तेरा आम्नाय उदयास आले. उपाध्ये व कवीश्वर हे त्यांतील प्रमुख होत. सतत फिरणाऱ्या संन्याशांनाही वार्धक्यात, आजारपणात व पावसाळ्यात आसऱ्याची गरज भासू लागली. पोथ्या जपून ठेवण्यासाठी निश्चित जागा हवी होती. नव्या साधकांना ब्रह्मविद्येचे शिक्षण द्यावयाचे होते. या गरजांतून महंतांचे आश्रम व मठ स्थिर झाले. स्वामींचा अटनाचा आदर्श व मठाचे स्थैर्य यांचा मेळ घालणे सोपे नव्हते. आजही मठात राहणाऱ्या भिक्षूंना व तपस्विनींना भिक्षा, अटन व एकांतातील स्मरण यांचा आचार सांगितला जातो, तो त्या मूळ आदर्शाची आठवण म्हणूनच.

याच काळात मुनिव्यासांनी स्थानपोथी रचली. अवतारांच्या चरणस्पर्शाने पवित्र झालेली स्थळे, तेथील मंदिरे, ओटे व दिशा यांची ती नोंद आहे. काव्यग्रंथांतही पंथ समृद्ध झाला. रुक्मिणीस्वयंवर, शिशुपालवध, उद्धवगीता, वछाहरण, ज्ञानप्रबोध, सह्याद्रिवर्णन व ऋद्धिपूरवर्णन हे साती ग्रंथ म्हणून मान्यता पावले. त्यांपैकी रवळोबासकृत सह्याद्रिवर्णनात श्रीदत्तात्रेय प्रभूंचे चरित्र आले आहे.

धर्मग्रंथांची विटंबना होऊ नये व पाठ बदलू नयेत म्हणून पोथ्या सकळ लिपी व अन्य सांकेतिक लिप्यांत लिहिण्याची प्रथा पडली. यामुळे ग्रंथ शुद्ध राहिले. पण या गुप्ततेची किंमतही पंथाला मोजावी लागली. पुढील सुमारे पाचशे वर्षे बाकीच्या मराठी समाजाला हे वाङ्मय वाचता आले नाही, आणि अज्ञानातून पंथाविषयी अनेक गैरसमज व कुत्सित आख्यायिका पसरल्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांना महंतांनी सहकार्य केले आणि मराठीचा हा ठेवा सर्वांसाठी खुला झाला. वि. भि. कोलते यांनी आपले आयुष्य या साहित्याच्या संशोधनास वाहिले.

दरम्यान पंथ महाराष्ट्राबाहेरही पोहोचला होता. पंजाब, पेशावर व थेट काबूलपर्यंत जयकृष्णी या नावाने त्याचे मठ व अनुयायी होते. तेथील पंजाबीभाषक साधक धर्मग्रंथ मात्र मराठीतच वाचीत. इ.स. १९४७ च्या फाळणीनंतर त्यांतील अनेक कुटुंबे भारतात येऊन स्थिरावली. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि ऋद्धिपूर येथे महाराष्ट्र शासनाने मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले. श्रीगोविंदप्रभूंच्या गावी मराठीचे विद्यापीठ व्हावे, यात त्या जुन्या निर्णयाचाच गौरव आहे.

भाविकांसाठी व दात्यांसाठी

स्वामींच्या पश्चात परमेश्वराचे स्मरण टिकविणारी चार साधने पंथाने मानली आहेत : स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. अवतारांच्या संबंधाने पवित्र झालेली जागा ते स्थान. त्यांच्या स्पर्शाने पुनीत झालेली वस्तू तो प्रसाद. सर्वस्वाचा त्याग करून स्मरणात राहणारा तो भिक्षुक. आणि संसारात राहून श्रद्धेने धर्माचे पोषण करणारा गृहस्थ तो वासनिक.

या चौथ्या साधनाचा अर्थ दात्यांनी विशेषेकरून समजून घ्यावा. वासनिकाचे दान ही पंथात बाहेरून मिळणारी मदत मानली जात नाही. तो स्वतः स्मरणाच्या साखळीचा एक दुवा आहे. भिक्षेकऱ्याच्या झोळीत पडणारी मूठभर भाकरी, पोथी जपण्यासाठी दिलेले साहाय्य, वृद्ध साधू व तपस्विनींची केलेली सेवा, यात्रेकरूंच्या अन्नदानास लावलेला हातभार, या सर्वांचे मोल स्वामींच्या विचाराने सारखेच आहे. राजाचे द्रव्य नाकारणाऱ्या स्वामींनी गरिबाच्या दारची भिक्षा मात्र आनंदाने स्वीकारली, हे दान देताना व घेताना दोघांनीही स्मरावे.

दर्शनास आल्यावर भाविकांनी शांतपणे प्रभूंसमोर बसून काही क्षण नामस्मरण करावे. भेटणाऱ्या प्रत्येकास दंडवत प्रणाम म्हणून अभिवादन करण्याची पंथाची रीत आहे. समोरच्या व्यक्तीची जात, वय वा पद न पाहता तिच्यातील जीवास केलेले हे वंदन आहे. यात्रेत आलेल्या घोड्यांसह सर्व मुक्या प्राण्यांना प्रेमाने वागवावे. सशाला अभय देणाऱ्या स्वामींना हीच सेवा प्रिय आहे. क्षेत्राचा व तापीतीराचा परिसर स्वच्छ राखावा.

ज्यांना सवड असेल त्यांनी सारंगखेड्यापासून पुढे तापी व गोमाई यांच्या संगमावरील दक्षिण काशी श्रीक्षेत्र प्रकाशा, खानदेशातील कनाशी आणि जीवनात एकदा तरी माहूर व ऋद्धिपूर यांचे दर्शन अवश्य घ्यावे. ज्यांना प्रवास शक्य नाही त्यांनी घरी बसून लीळाचरित्रातील एखादी लीळा वाचावी व घरातील मुलांना सांगावी. स्वामींनी मागे ठेवलेला धर्म याच मार्गाने, एकाच्या मुखातून दुसऱ्याच्या कानी जात, साडेसातशे वर्षे चालत आला आहे.

सर्व भाविकांवर श्रीदत्तात्रेय प्रभूंची व सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची अखंड कृपा राहो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.

॥ दंडवत प्रणाम ॥